आकडा

शेजारचे विल्फ ॲक्रॉइड, वय त्र्याऐंशी,
पहिल्याच दिवशी म्हणाले : फुटपाथवर साप सोडलायस का, पोरी?

साप म्हणजे माझी केबल.
बैठकीच्या खिडकीतून बाहेर, फरशी ओलांडून
सेकंडहँड निळ्या गाडीच्या नाकात.
बार्न्सलीतल्या आमच्या गल्लीत घरांना अंगण नाही,
दार उघडलं की थेट रस्ता.
कौन्सिलला तीन पत्रं लिहिली.
पोच एकाची आली.

दुसऱ्या दिवशी ते परसातून ओढत घेऊन आले
काळ्या रबराचा पट्टा, बोटभर जाड.
यावरून कोळसा जायचा, म्हणाले.
खाण बंद झाली तेव्हा ज्यानं त्यानं कापून नेला,
कुणी खुराड्याला, कुणी वाफ्यांमधल्या वाटेला.
गुडघे टेकून त्यांनी तो केबलवर अंथरला,
बुटानं दाबून पाहिला.

मग चहा. तीन चमचे साखर.
तुला काय वाटतं, चार्जिंग तुम्ही लोकांनी काढलं?
पाळी संपली की आम्हीही बॅटऱ्याच लावत होतो.
लॅम्प-रूममध्ये भिंतभर आकडे,
आणि प्रत्येक आकड्यावर एक आकडा :
माझा सहाशे बारा.
दिवा रात्रभर वीज प्यायचा, मी बीअर.
सकाळी दोघंही निम्मेच भरलेले.
पण पाळी सुटल्यावर आकडा रिकामा दिसला
तर माणूस अजून खाली आहे.
शेवटचा दिवा वर येईस्तोवर
लॅम्प-रूमवाला कोट घालायचा नाही.

मी म्हटलं, आमच्या चंद्रपुरात आकडा म्हणजे तिसरंच काही :
बांबूच्या टोकाला वाकवलेली तार,
काळोख पडला की खांबावरच्या वायरीवर टाकायची.
फुकटची वीज, फुकटचा पंखा.
ते हसले, हसता हसता खोकले.
त्या खोकल्याची जात मी ओळखते,
रात्रपाळीची नर्स आहे, घरोघर जाते.
खाण बंद झाली तरी
छातीत कोळसा अजून कामावर येतो.

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आई
वाळलेले कपडे आत आणायच्या आधी झटकायची, राखेसाठी.
त्यांची डोरीनही झटकायची.
एका दोरीच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या असत्या
तर भाषेवाचून जमलं असतं दोघींचं.

हल्ली ते सकाळी दारात उभे राहून वारा बघतात.
आज समुद्रात पाती जोरात असतील, म्हणतात,
गाडीला पोटभर जेवू घाल.
वाऱ्याचे पैसे कोण घेतं, हे मात्र
त्यांना अजून पटलेलं नाही.

एकदाच विचारलं त्यांनी, कप खाली ठेवून :
हिच्या पोटात जे काय घालतात,
ते खणतं कोण?
मी म्हटलं, लांबच्या देशात कुठेतरी. नक्की माहीत नाही.
त्यांच्याकडे आहे का लॅम्प-रूम?
मी केटलीत पुन्हा पाणी भरलं.
तेवढंच हाताशी होतं.

जानेवारीत एका रात्री बर्फ पडला.
माळावरच्या एका घरात एक बाई जाता जात नव्हती,
मुलगी म्हणाली, थांबाल का?
थांबले.
परतताना हीटर बंद ठेवला, बोटं बधिर,
काट्यावर नऊ टक्के,
चढ आला की आठ.

गल्लीत शिरले तेव्हा पावणेतीन.
गाडीचा आवाज होत नाही, कुणी जागं व्हायचं कारण नव्हतं.
खिडकीशेजारच्या हुकावर केबल तशीच लोंबत होती,
पट्ट्यावरचा बर्फ कुणीतरी झाडलेला.
आणि वरच्या मजल्यावर, विल्फच्या खोलीत, दिवा.

मी केबल लावली.
बारीक हिरवा ठिपका लुकलुकला, स्थिर झाला.

वर पडदा हलला.
मग तिथला दिवा गेला.